तांबड्या समुद्रातलं खापर

देवचंद सुरवाडे यांना पाण्याची भीती होती. दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या गावी नदीला वर्षातले बरेच महिने पाणी नसायचं, आणि असायचं तेव्हा ते तिच्याकडे काठावरूनही बघायचे नाहीत. लग्नानंतर बोदवडच्या सासुरवाडीची माणसं त्यांना हौसेनं तापीवर आंघोळीला घेऊन गेली, तर जावईबापूंनी काठावर बसून तांब्या मागितला. असा माणूस पुढं जहाजावर चढला आणि परक्या आरमारानं भर समुद्रात त्याच्यावर बंदुका रोखल्या, ही हकिगत आमच्याकडे लोक अजून पोट धरून सांगतात. मी ती देवचंदभाऊंकडून ऐकली आणि त्यांच्या बायकोकडून, धुरपदाबाईंकडूनही ऐकली. दोघांच्या सांगण्यात जिथं फरक पडतो तिथं मी धुरपदाबाईंचं धरलं आहे. कारण त्या समोरच बसलेल्या असतात.

पुढं देवचंदभाऊंनी बोदवडलाच घर केलं. ते दीपनगरला वीज केंद्राच्या वसाहतीत बिनलग्नाच्या इंजिनिअरांची मेस चालवायचे. हाताला अशी चव, की त्यांची शेवभाजी खायला भुसावळहून रेल्वेची माणसं स्कूटर मारत यायची. त्या मेसमध्ये मिनेझिस नावाचे एक गोव्याकडचे साहेब जेवायला असत. आधी जहाजावर इंजिनिअर होते, मग बॉयलरवर नोकरी धरून जमिनीवर आले. एका दुपारी भरिताची तिसरी वाटी संपवून ते म्हणाले, "देवचंद, समुद्रावर असं जेवण मिळालं असतं ना, तर मी जहाज सोडलंच नसतं."

देवचंदभाऊंनी ती तारीफ म्हणून घेतली. पण मिनेझिस साहेबांनी दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका एजंटाचा पत्ता आणून दिला. जहाजांना स्वयंपाकी हवेच असतात, म्हणाले. देवचंदभाऊ हसले, पत्ता खिशात टाकला आणि संध्याकाळी घरी जाऊन हा किस्सा गंमत म्हणून बायकोला सांगितला. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती, असं ते म्हणतात. म्हणताना आवाज मात्र खाली घेतात.

धुरपदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग का नाही जात?"

"अवं, तठे पानी शे!" घाबरले की देवचंदभाऊ थेट अहिराणीवर येत.

"तुमाले पोहाले कोन सांगते? सैपाकच करना हाये ना? चूल हितं पेटवली काय अन् तिथं पेटवली काय!"

त्यांचीही बाजू होती. मेसच्या जिवावर घराला स्लॅब पडत नव्हता, आणि गल्लीतल्या बेबाबाईचा नवरा मस्कतला जाऊन आल्यापासून तिच्या घरातून रोज सकाळी मिक्सरचा आवाज यायचा. तो आवाज धुरपदाबाईंना झोपेतही ऐकू येई. देवचंदभाऊंनी आठवडाभर तग धरला. मग गेले.

जाण्याआधी धुरपदाबाईंनी भुसावळच्या बाजारात पुना भंगारवाल्याकडून दोन लाकडी पेट्या आणल्या. हिरव्या रंगाच्या, जाड फळीच्या, दोन्ही बाजूंना दोराच्या कड्या. भुसावळ परिसरात दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथल्या रिकाम्या पेट्या रीतसर लिलावात निघतात आणि फिरत फिरत भंगारात येतात. पेटीवर पांढऱ्या रंगात इंग्रजी अक्षरं होती. धुरपदाबाईंनी विचारलं, "हे काय लिहिलंय?"

पुना म्हणाला, "मजबूत, असं लिहिलंय."

एक पेटी त्यांनी घरात कांद्यांना ठेवली. दुसरीच्या झाकणावर ऑइलपेंटनं कमळ काढलं, खाली 'दे. सी. सुरवाडे, बोदवड' लिहिलं आणि आत नवऱ्यासाठी बिबड्या, उडदाचे पापड, लाल मिरच्या आणि काळा मसाला भरला. सगळ्यात खाली गोणपाटात गुंडाळून खापर ठेवलं. आमच्याकडे पुरणपोळी तव्यावर नाही, पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजतात. पोळी हातावर फिरवत फिरवत रुमालाएवढी करायची आणि खापरावर अलगद सोडायची. देवचंदभाऊंचा त्यात हात धरणारं कुणी नव्हतं.

मुंबईच्या गोदीत पहिल्यांदा समुद्र बघून ते दोन पावलं मागं सरले. मग म्हणाले, "एवढं पाणी कुणी सोडलं?"

जहाजाचं नाव होतं 'लेडी मारिका'. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्या देशाचा, कप्तान तिसऱ्या देशाचा, आणि गंज सगळ्या देशांचा. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, खलाशांच्या मुकादमाला सारंग. सारंग होते दाभोळचे हसनमियाँ. पिढ्यान् पिढ्यांचे दर्यावर्दी, पांढरी दाढी, आणि देवचंदभाऊंना समजेल असं मराठी बोलणारं तिथं एकटं माणूस. त्यांनी नव्या भंडाऱ्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुझ्या गावापासून दर्या किती लांब?"

"चाचा, आमच्याकडं दर्या असतो हे पुस्तकात असतंय."

चढल्या दिवशीच कप्तानानं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून तिजोरीत ठेवले. "सुरक्षित राहतील," म्हणाला. खरोखरच राहिले. करार संपला तेव्हा देवचंदभाऊ टोपी हातात घेऊन कप्तानाकडे गेले आणि घरी जायचंय म्हणाले. कप्तान गोड हसून म्हणाला, "नेक्स्ट पोर्ट." पुढचं बंदर आलं. तिथंही तेच उत्तर. नेक्स्ट पोर्ट हे एखाद्या गावाचंच नाव असावं आणि ते फार लांब असावं, अशी देवचंदभाऊंची काही दिवस समजूत होती. हळूहळू उमगलं, की फिलिपाइन्सचे खलाशी, इंजिनाला तेलपाणी करणारा ब्रह्मदेशाचा ऑइलमन, खुद्द हसनमियाँ, सगळेच त्या गावाच्या वाटेवर आहेत. पगार घरी पाठवतो असं कप्तान सांगे. घरची पत्रं सांगत, आला नाही. बंदरात उतरायला परवानगी नाही, कागद हातात नाही, आणि चहूकडे पाणी. ज्याला तांब्याएवढ्या पाण्याची सवय, त्याला ही भिंत पुरून उरली.

तरी ते रडत बसले नाहीत. भाजीत मीठ वाढलं, एवढाच फरक. खलाशी तक्रार करत नव्हते, कारण त्यांच्याही मनात तेच होतं.

१९९० सालची गोष्ट. इराकनं कुवेत घेतलं होतं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं इराकला जाणाऱ्या मालावर बंदी घातली होती. ती मोडून कुणी शस्त्रं वा दुसरा माल नेऊ नये म्हणून अनेक देशांच्या युद्धनौका तांबड्या समुद्रात उभ्या होत्या आणि अकाबा बंदराकडे जाणारं जहाज न् जहाज थांबवून तपासत होत्या. 'लेडी मारिका' थायलंडहून तांदूळ भरून तिकडेच निघाली होती.

हसनमियाँनी समजावलं, "नाकाबंदी आहे रे. प्रत्येकाचा माल बघतात."

"म्हणजे जकात नाका," देवचंदभाऊ म्हणाले. भुसावळच्या नाक्यावर मेसच्या भाजीची पिशवी उघडून दाखवायची त्यांना सवय होती. "मग त्यात काय घाबरायचं?"

युद्धनौका दिसली तेव्हा मात्र त्यांना भुसावळचा नाका विसरावा लागला. राखाडी रंगाची, जंक्शनच्या इमारतीहून उंच, आणि पुढं तोफ. रेडिओवर प्रश्न आले: कुठून, कुठं, काय माल. कप्तानाची उत्तरं त्यांना पटली नसावीत, कारण हुकूम आला, जहाज थांबवा, आमची माणसं वर येत आहेत.

कप्तानानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. "ते काय विचारतील त्याला 'येस सर' म्हणायचं. त्यापुढं एक शब्द नाही. जो जास्त बोलेल त्याला नेक्स्ट पोर्ट विसरावं लागेल."

देवचंदभाऊ सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजीचा आणि त्यांचा संबंध शाळेतच तुटला होता. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरता चिरता 'येस सर' घोटून ठेवलं.

दोरीच्या शिडीवरून बंदूकधारी नौसैनिक चढले. त्यांचा अधिकारी उंच, गोरा, आणि तिथल्या उन्हानं असा भाजून निघालेला, की भरिताच्या वांग्यासारखं त्याचं साल निघत होतं. देवचंदभाऊंना त्याची दयाच आली. तो स्वयंपाकघरात आला आणि इंग्रजीत त्यानं सौम्यपणे विचारलं, "जहाजावर काही शस्त्रं आहेत?"

"येस सर."

अधिकारी थबकला. "दारूगोळा?"

"येस सर."

"कुठं ठेवलाय?"

"येस सर."

"तुला कप्तानानं माझ्याशी बोलायला मनाई केली आहे का?"

"येस सर!" ह्या खेपेला देवचंदभाऊंनी ते जरा मोठ्यानं आणि हसून म्हटलं. परीक्षा चांगली चालली आहे असं त्यांना वाटत होतं.

अधिकारी मागच्या कोठीत शिरला. तिथं पिठाच्या पोत्यांमागं हिरवी पेटी होती. तिच्यावर मजबूत असं लिहिलेलं नव्हतं. कुठल्या तोफेचे किती गोळे, हे लिहिलेलं होतं.

त्यानं शिट्टी फुंकली. मग जे झालं ते देवचंदभाऊंना आजही नीट क्रमानं सांगता येत नाही. सगळे खलाशी डोक्यावर हात ठेवून डेकवर. बंदुका सगळ्यांकडे, आणि त्यातल्या जास्त देवचंदभाऊंकडे. कप्तान ओरडतोय, की पेटी माझी नाही, भंडाऱ्याची आहे, मी ह्या माणसाला ओळखतसुद्धा नाही. कर्णा घेऊन कुणीतरी युद्धनौकेला काहीतरी सांगतंय, आणि युद्धनौका हळूहळू मागं सरकते आहे.

पेटी दोघा सैनिकांनी अंड्याच्या टोपलीसारखी उचलून डेकवर आणली. उघडायला मात्र कुणी पुढं होईना. अधिकाऱ्यानं लांबूनच देवचंदभाऊंना खूण केली: तू उघड.

"नुसती पेटी उघडायला एवढी माणसं?" असं म्हणत त्यांनी झाकणाची कडी काढली. पहिल्यांदा बिबड्या निघाल्या. ज्वारीच्या, उन्हात वाळवलेल्या, टणक. सैनिकांनी एकमेकांकडे बघितलं. मग पापड. मग मिरच्या. एका सैनिकानं हातमोजा काढून एक मिरची मोडून बघितली, आणि त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसताना डोळाही पुसला. तो त्या दिवशी पुन्हा कामाला आला नाही. काळ्या मसाल्याची पुडी अधिकाऱ्यानं स्वतः हुंगली. आमच्या काळ्या मसाल्यात दगडफूल असतं, खोबरं जाळलेलं असतं, आणि मिरची असते हे सांगायला नको. तो असा शिंकला, की मागच्या सैनिकानं दचकून बंदुकीच्या चापावर बोट ठेवलं.

आणि मग देवचंदभाऊंनी तळातून गोणपाटाचं गाठोडं काढून सोडलं. आत काळं, गोल, घुमटासारखं, जड खापर. समुद्री सुरुंग कसा दिसतो हे देवचंदभाऊंना ठाऊक नव्हतं. बाकीच्या सगळ्यांना होतं.

डेकवरची झाडून सगळी माणसं पोटावर पडली. कप्तानही पडला. उभे राहिले एकटे देवचंदभाऊ, दोन्ही हातांत खापर धरून, ही माणसं एकाएकी का झोपली ह्याचा विचार करत.

"खाली ठेव!" अधिकारी आडवा पडूनच ओरडला.

"येस सर," म्हणून ते खापर दाखवायला त्याच्याकडेच निघाले. तेवढ्यात हसनमियाँनी फळीला नाक लावूनच आरोळी दिली, "ब्रेड, सर! ब्रेड! बॉम्ब नाही, ब्रेड!"

"ते ब्रेड आहे?"

"नाही सर. त्याच्यावर ब्रेड!"

त्या दिवशी पहिल्यांदा देवचंदभाऊंना काय चाललंय ते कळलं. त्यांनी खापर पालथं ठेवलं, शेजारी मांडी घातली, आणि रिकाम्या हातांवर नसलेली पोळी फिरवून, वाढवून, खापरावर सोडून दाखवली. मग ती उलटली. मग तिच्यावर तूपही सोडलं. आधी फिलिपाइन्सचा एक पोरगेला खलाशी फिसकन हसला, मग ब्रह्मदेशाचा ऑइलमन, आणि शेवटी पोटावर पडलेल्या अधिकाऱ्याच्या खांद्यांना हिसके बसू लागले. तो उठला, कपडे झटकले, आणि म्हणाला, "ह्या माणसाची भाषा समजणारं कुणी आणा."

युद्धनौकेवरून लहान बोटीनं एक तरुण नौसैनिक आला. त्याचं नाव किरीट. आईबाप नवसारीकडचे, जन्म परदेशातला. गुजराती त्याला येत होतं ते आजीमुळं. तो गुजरातीत बोलला आणि देवचंदभाऊंनी अहिराणीत उत्तर दिलं. 'आहे'ला एकानं 'छे' म्हणायचं, दुसऱ्यानं 'शे' म्हणायचं. पाचेक वाक्यांत दोघांना कळलं, की मध्ये फारसं अंतर नाही. देवचंदभाऊ मला म्हणाले, "बठ्ठी दुनिया फिरनू, आनि मनी बोली समजनारा भेटना तो बंदूक लीसन उभा व्हता."

पेटीचा उलगडा झाला. भंगारवाल्याचं नाव आणि 'मजबूत' हा शब्द किरीटनं अधिकाऱ्याला समजावून सांगितला, आणि अधिकाऱ्यानं तो आपल्या वहीत का कोण जाणे लिहूनही घेतला. खालच्या भागात तांदळाच्या गोण्या उलथून बघितल्या. तांदूळच होता. एक काडतूस निघालं नाही. कप्तान आता सैल झाला होता, सिगारेटी वाटत होता.

निघण्याआधी नेमानं विचारायचे काही प्रश्न बाकी होते. अधिकारी विचारी, किरीट गुजरातीत सांगे. त्यातला एक असा: "तमे अहीं मरजीथी छो?" तुम्ही इथं आपल्या मर्जीनं आहात का?

"मनी काय मरजी?" देवचंदभाऊ उसळून म्हणाले. "बायकोनी जबरदस्ती!"

किरीटनं ते इमानानं इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्यानं पेन थांबवलं. "बायको जहाजावर आहे?"

"नाही. बोदवडला आहे."

"मग तिकडं परत जायला काय हरकत आहे?"

हा प्रश्न साधाच होता. पण किरीटनं तो आजीच्या भाषेत विचारला, घरच्या माणसानं विचारावा तसा, आणि इतके महिने मिठात मुरलेलं सगळं एकदम वर आलं. कप्तान समोर उभा होता. हसनमियाँ डोळ्यांनी नको नको म्हणत होते. देवचंदभाऊ बोलले.

"माले घर जानं शे, भो. करार कवयच सरी गया. पन कप्तान जाऊ देत नही. बठ्ठासना पासपोट त्यानाजोडे शेतस. पगार भेटत नही. ही काय नोकरी शे? ही वेठ शे, वेठ."

किरीटनं मान वर केली. "वेठ?"

हा शब्द देवचंदभाऊंच्या घरात शिवी होता. त्यांचे वडील सीतारामबाबा तरुणपणी गावकीची कामं करत. सांगावा घेऊन रानोमाळ पळायचं, साहेब आला की त्याचं ओझं डोक्यावर घ्यायचं, मेलेलं ढोर ओढायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी सांगावा आला तेव्हा ते पाटलाच्या माणसाला म्हणाले, आजपासून वेठ बंद. पुढचं वर्ष फार कठीण गेलं. पण पोरानं घरात कामाचा कंटाळा केला तरी त्या कामाला वेठ म्हणायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. तो शब्द फुकट वापरायचा नाही. देवचंदभाऊंनी तो आयुष्यात पहिल्यांदा वापरला होता.

किरीटच्या आजीच्या तोंडीही तो शब्द होता. गुजरातीत तसाच आहे. तो अधिकाऱ्याकडे वळून म्हणाला, "सर, हा म्हणतोय की त्याच्याकडून सक्तीनं, बिनमोबदला काम करून घेतलं जातंय. सगळ्यांकडूनच."

अधिकारी एकेकाला आत बोलावू लागला. पहिल्या फेरीत सगळ्यांनी 'येस सर' म्हटलं होतं. आता एकानं म्हटल्यावर दुसऱ्याला कंठ फुटला. हसनमियाँ आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, आणि आले तेव्हा दाढी पुसत होते.

कप्तानानं हुज्जत घातली. तुम्ही इराकचा माल शोधायला आलात, खलाशांचे पगार बघायला नाही, म्हणाला. अधिकारी घाईनं बोलणारा नव्हता. गुलामांची ने-आण करणारं जहाज भर समुद्रात थांबवायचा अधिकार कुठल्याही देशाच्या युद्धनौकेला असतो, हे त्याला ठाऊक होतं. पण हे तसलं जहाज म्हणायचं की नुसता लबाड कप्तान, हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. त्यानं वरिष्ठांना रेडिओ केला आणि उत्तराची वाट बघत बसला.

जेवणाची वेळ उलटली होती. माणसं उपाशी असली की देवचंदभाऊंना दुसरं काही सुचत नाही. त्यांनी हरभऱ्याची डाळ शिजवली, गूळ घातला, तेलाच्या स्टोव्हवर खापर चढवलं. मघाशी हवेतली पोळी बघून हसलेली माणसं आता खरी पोळी हातावर फिरताना बघायला दारात गर्दी करून उभी राहिली. तिच्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता, असं हसनमियाँ पुढं सांगायचे म्हणे. सैनिकांनी बंदुका भिंतीला टेकवल्या आणि ताटं धरली. अधिकाऱ्यानं दोन खाल्ल्या आणि तिसरी मागायला लाजत होता, ती देवचंदभाऊंनी न मागता वाढली. कप्तान आला तेव्हा परात रिकामी होती.

त्याला त्यांनी विचारपूर्वक सांगितलं, "नेक्स्ट पोर्ट."

उत्तर आलं: जहाजाला पुढं जाऊ द्या, पण बंदराला आणि खलाशांच्या संघटनेला कळवा. अधिकाऱ्यानं निघण्याआधी कप्तानाला तिजोरी उघडायला लावून, पासपोर्ट कुणाकुणाचे आहेत ते बघून ठेवलं, म्हणजे ते वाटेत समुद्रात पडायला नकोत. अकाबाला धक्क्यावर संघटनेचा माणूस आणि आपल्या वकिलातीतला एक बाबू उभे होते. कप्तानानं पासपोर्ट स्वतःच्या हातानं, गोड हसत, परत दिले. थकलेल्या पगारासाठी संघटनेला मालकाच्या जहाजावर टाच आणावी लागली, त्याला वेळ लागला, पण तो मिळाला.

इकडे बोदवडला मात्र बातमी उलटी पोचली. परदेशी आरमारानं बोदवडच्या माणसाला दारूगोळ्याच्या पेटीसह पकडलं, एवढंच कुणीतरी कुणाकडून ऐकलं होतं. चौकशीला जीवराम नावाचे हवालदार आले. धुरपदाबाईंनी त्यांना बसायला दिलं, चहा दिला.

"बाई, घरात आणखी काही आहे का?" हवालदारांनी विचारलं.

"काय आनखी?"

"म्हणजे, तसल्या पेट्या वगैरे."

"तुमी जिच्यावर बसलेत ती," धुरपदाबाई म्हणाल्या.

हवालदारांचा चहा त्यांच्या खाकी पँटवर सांडला. कांदे बाहेर काढले, पेटी उलटीपालटी केली, मग धुरपदाबाईंनीच त्यांना एस.टी.त घालून भुसावळला पुनाच्या दुकानी नेलं. पुनानं लिलावाची पावती दाखवली. हवालदारांचं समाधान झालं. येताना त्यांनी घरच्या धान्यासाठी तसलीच एक पेटी घेतली. धुरपदाबाईंनी भाव करून दिला.

देवचंदभाऊ घरी आले त्या दिवशी धुरपदाबाई स्टेशनवर आल्या होत्या. गाडीतून उतरलेला वाळका माणूस बघून त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि इतकंच म्हणाल्या, "मीच पाठवलं तुमाले."

"पाठवलं म्हनीसन परत उनू," देवचंदभाऊ म्हणाले. त्यावर त्या रडल्या. ह्या प्रसंगाबद्दल दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

जळगावला समाजबांधवांनी सत्कार ठेवला. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते, इतिहासाचे. त्यांनी समुद्रावरची गुलामांची आणि शस्त्रांची ने-आण थांबवण्यासाठी जगानं काय काय केलं ते अठराशे नव्वदच्या ब्रुसेल्स परिषदेपासून सांगायला घेतलं. परिषद झाली, करार झाला, कुठल्या राष्ट्रानं सही केली, कुणी खळखळ केली. मागं मसालेभाताची पातेली उतरली होती आणि श्रोते ब्रुसेल्सपेक्षा तिकडे कान देऊन होते. सत्कारमूर्ती पहिल्या तहापर्यंत जागे होते.

पण शेवटी त्यांना हलवून उठवलं तेव्हा त्यांनी प्राध्यापकांना मनापासून विचारलं, "सर, 'मर्जीनं आहात का' हा मला विचारलेला सवाल इतका जुना आहे? मग आधीच्या लोकांनी काय सांगितलं?"

प्राध्यापकांनी हातातले कागद मिटले. मग म्हणाले, "बहुतेकांनी तुमच्यासारखंच 'येस सर' सांगितलं असणार, देवचंदराव. विचारायला त्यांच्या घरची बोली बोलणारं कुणी आलं नसेल."

टाळ्या पडल्या. मग सगळे भातावर गेले.

देवचंदभाऊ पुढं दीपनगरला मेसवर परतले, पण मन रमेना. दोन वर्षांनी ते पुन्हा समुद्रावर गेले, ह्या वेळी स्वतःहून, हसनमियाँनी सांगितलेल्या एका चांगल्या कंपनीच्या जहाजावर. धुरपदाबाई नको म्हणत होत्या. शतक संपता संपता ते कायमचे घरी आले. वर स्लॅब पडला आहे. आता आजूबाजूच्या गावांतली पोरं त्यांच्याकडे येतात, जहाजावर कसं लागायचं विचारायला. ते पत्ता देतात, कंपनी कोणती बरी ते सांगतात, पासपोर्ट कुणालाही द्यायचा नाही असं दोनदा बजावतात. परवा एका पोराच्या बापानं काळजीनं विचारलं, "भाऊ, आमच्या पोराला पोहता येत नाही. चालेल ना?"

देवचंदभाऊंनी पोराकडे खालून वर बघितलं.

"भाकर थापता येते का?" त्यांनी विचारलं.